पहिल्या पुस्तकाचं ‘पॅकेज’: कोकणातल्या लेखकाने काय घ्यावं, काय सोडावं

कवितांची वही असो, मालवणी कथा असोत की निवृत्तीनंतर लिहिलेलं आत्मकथन, हस्तलिखित पुरं झालं की लेखकासमोर हल्ली सगळ्यात आधी येतं ते ‘प्रकाशन पॅकेज’. पैसे लेखकाचे, काम कंपनीचं. व्हॉट्सॲपवर कोटेशन येतं आणि त्यात थोड्याफार फरकाने हीच कलमं असतात: आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), कॉपीराइट नोंदणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, ठरावीक प्रती, ऑनलाइन विक्री, ‘शंभर टक्के रॉयल्टी’, आणि महागाच्या पॅकेजात प्रकाशन समारंभ. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही. सगळीकडे एकाच साच्यात विकल्या जाणाऱ्या या सेवेची कलमं एकेक करून तपासली आहेत, तीही मालवण, गुहागर, दापोली अशा ठिकाणी बसून पुस्तक काढणाऱ्याच्या सोयीने.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. अख्खं पॅकेज घेऊ नये. त्यातली दोन कामं सरकारी पोर्टलवर फुकट किंवा किरकोळ शुल्कात होतात. मांडणी, मुखपृष्ठ आणि छपाई यांना पैसे मोजावेत, पण प्रत्येकाचं कोटेशन वेगळं घेऊन. आणि पुस्तकाचा खरा कस जिथे लागतो ते संपादन बहुतेक पॅकेजांत नसतंच. ‘मुद्रितशोधन’ असं लिहिलेलं असतं, ते संपादन नव्हे.

पैसे भरण्याआधी

पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं, आणि काही सोयी फक्त त्याच्यासाठी असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. मंडळाचं कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे. अर्ज मागवण्याची जाहिरात बहुधा वर्षाच्या सुरुवातीला निघते. वाङ्मयप्रकार, पानांची मर्यादा, अर्जाचा नमुना हे सगळं त्या जाहिरातीत असतं आणि ते शब्दशः पाळावं लागतं. निवडीला वेळ लागतो. पण घाईने पन्नास प्रतींचं पॅकेज घेऊन पुस्तक बाजारात आणलं की या योजनेची वाट बंद होते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी मंडळ, मग प्रकाशक, आणि दोन्हीकडून नकार आला तरच स्वखर्च.

प्रकाशकाकडे पाठवताना अख्खं बाड पाठवू नका. एका पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश, अनुक्रमणिका आणि पहिली दोन प्रकरणं पुरतात. कवितांच्या बाबतीत पंधरा-वीस कविता. त्या प्रकाशकाने मागच्या तीन-चार वर्षांत काय काढलं ते ग्रंथालयात जाऊन चाळा. जो प्रकाशक कवितासंग्रह काढतच नाही, त्याच्याकडे कविता पाठवून सहा महिने वाट पाहण्यात काही हशील नाही. कथालेखकाला दिवाळी अंकांची जुनी वाट अजून उपयोगी आहे. अंकांकडे साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीपासून जमू लागतं, म्हणून गणपतीनंतर पाठवलेल्या कथेला उशीर झालेला असतो. दोन-तीन अंकांत छापून आलेली नावं पत्रात असली की प्रकाशक बाड उघडून तरी बघतो.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत. त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने दिला जातो. ते दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. इथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं धरतात आणि प्रवेशिका पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मागवतात. त्यामुळे ‘प्रथमावृत्ती’ आणि तिची तारीख पुस्तकात स्पष्ट छापलेली हवी. पुस्तक डिसेंबरअखेर निघत असेल तर प्रवेशिकेसाठी हाताशी जेमतेम महिना राहतो. कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे 1991 साली मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कोमसाप, हीसुद्धा दरवर्षी वाङ्मय पुरस्कार देते. जवळच्या शाखेत आधी चौकशी करून ठेवावी.

आयएसबीएन आणि कॉपीराइट

आयएसबीएन हे पॅकेजातलं सगळ्यात गाजावाजा केलेलं आणि सगळ्यात कमी मोलाचं कलम. भारतात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, आणि विनाशुल्क देते. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून पोर्टलवर खातं उघडू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठाचा आराखडा हाताशी ठेवा. अर्जातलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि मुखपृष्ठावरचं शीर्षक एकमेकांशी जुळत असावं. टोपणनावाने लिहीत असाल तर खऱ्या नावाचाही उल्लेख हवा. क्रमांक यायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून छपाईच्या निदान महिनाभर आधी अर्ज करा.

कंपनीच्या क्रमांकावर पुस्तक काढलं की कागदोपत्री प्रकाशक ती कंपनी ठरते. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर नवा क्रमांक, नवं मुखपृष्ठ, नवा बारकोड. क्रमांक 13 आकडी असतो आणि भारतात 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो. कागदी बांधणी, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही. बारकोड हा त्याच आकड्याचा ईएएन-13 या प्रमाण पद्धतीतला रेघांचा नकाशा, तो मांडणीकार पाच मिनिटांत बनवतो. त्याचं पूर्ण माप सुमारे 37 × 26 मिमी. ऐंशी टक्क्यांहून लहान केला किंवा गर्द चित्रावर पांढरी चौकट न ठेवता छापला, तर दुकानातलं यंत्र तो वाचत नाही.

कॉपीराइट नोंदणी बंधनकारक नाही. लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी हवीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क 500 रुपये आहे. कोटेशनमध्ये या कलमापुढे हजारो रुपये दिसले तर ते सरकारी शुल्क नसून कंपनीची हमाली आहे हे ओळखा. हाच नियम दुसऱ्यांच्या ओळी वापरतानाही लागू होतो. प्रकरणाच्या माथ्यावर केशवसुतांच्या ओळी खुशाल घ्या, ते 1905 साली गेले. वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर 2015 साली गेले. त्यांची कविता छापायची तर लेखी परवानगी हवी.

जिथे पैसे घालायचे ते: संपादन आणि मुद्रितशोधन

ही दोन कामं वेगळी. संपादक विचारतो की तिसरं प्रकरण मुळात हवं का, गावाचं वर्णन चार ठिकाणी पुन्हा का येतं, पान 40 वर मेलेला म्हातारा पान 90 वर बाजारात कसा दिसतो. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले शब्द आणि विरामचिन्हं बघतो. पॅकेजातलं मुद्रितशोधन अनेकदा एक वाचन असतं, आणि तेही पडद्यावर. किती वाचनं, कोण करणार, त्याने आधी कोणती मराठी पुस्तकं तपासलीत, हे लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर हे कलम काढायला लावून तेवढे पैसे कमी करून घ्या आणि आपला माणूस शोधा. तालुक्याच्या गावात निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक असतात, त्यांच्यातले काही या कामात फार तयार असतात. मात्र त्यांना नमुन्याची दहा पानं आधी द्या, आणि काम सन्मानाने मोबदला देऊन करून घ्या.

शुद्धलेखनाचा आधार मराठी साहित्य महामंडळाचे नियम: 1962 चे चौदा आणि 1972 साली वाढवलेले चार, मिळून अठरा. पण कोकणातल्या पुस्तकाची खरी अडचण या नियमांबाहेरची आहे. बोली! मालवणी संवाद परक्या शोधकाच्या हाती पडले की ‘खंय’चं ‘खाय’ होतं, ‘माका’चं ‘मला’ होतं, ‘नाय’चं कुठे ‘नाही’ होतं आणि कुठे तसंच राहतं. एकाच म्हातारीच्या तोंडी एका पानावर दोन भाषा येतात. संगमेश्वरी बोलीचं तर याहून अवघड, कारण ती ओळखणारा शोधक दुर्मिळ. यावर उपाय एकच: बाडासोबत लेखकाने स्वतः केलेला बोलीचा तक्ता. ‘झील’ की ‘झिल’, ‘हंय’ की ‘हय’, ‘करूक’ की ‘करुक’, जे काही ठरवाल ते एका कागदावर लिहा, संवाद रंगीत शाईने खुणावून द्या, आणि वर ठळक सूचना करा: खुणावलेल्या मजकुरात फक्त टंकनाच्या चुका दुरुस्त करायच्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असेल तर ही सीमा पाळणं सोपं जातं. निवेदनच बोलीत असेल तर शोधक त्याच मुलखातला हवा, इथे तडजोड चालत नाही. शेवटी चाळीस-पन्नास शब्दांचा कोश द्यावा. पानोपानी तळटीपा दिल्या की वाचणाऱ्याची लय तुटते.

प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, तीन. पहिलं मूळ बाडाशी ताडून, दुसरं पहिल्यातल्या दुरुस्त्या खरोखर झाल्या का ते बघायला, तिसरं छपाईला जाणाऱ्या पीडीएफचं. तिन्ही कागदावर छापून वाचा; मोबाइलवर वेलांट्या निसटतात. तिसऱ्या प्रुफात एकही नवं वाक्य घालू नका. एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. छापील पुस्तकांत अनुक्रमणिका चुकीची दिसते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

मांडणीतले खड्डे

मराठी मजकुराचे दोन संसार आहेत. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारखे जुने टंक (फॉन्ट) एका बाजूला, युनिकोड म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत दुसऱ्या बाजूला. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, प्रेसवाला जुन्या टंकात पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर जुळवतो, आणि मधल्या रूपांतरात अक्षरं फुटतात. सगळ्यात जास्त फटका बसतो तो अर्ध्या ‘र’ला. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ रूपांतरात ‘दर्या’ होतात, म्हणजे डोंगराचा समुद्र होतो, आणि शब्द बरोबरच दिसत असल्याने शोधकाच्या नजरेतून सुटतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला घोटाळा तसाच. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या हे शब्द कोकणी पुस्तकात पानोपानी येतात, तेव्हा ही तपासणी टाळता येत नाही. पहिल्या प्रुफाआधी एक चाचणी पान जुळवून मागा आणि त्यात हे शब्द मुद्दाम घाला: दऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, ब्रह्म, उद्ध्वस्त, ॲल्युमिनियम, ऑगस्ट, विश्वास, नारळ. जे फुटेल ते तिथेच कळेल.

युनिकोडमध्ये काम होणार असेल तर मांडणीकार इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरी अक्षरं नीट जोडणारी सोय) चालू ठेवतो का हे विचारा. ते बंद असेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. टंक मराठी वळणाचा हवा. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी वाचकाला खटकतात. तिरो देवनागरी मराठी हा मोफत टंक मजकुरासाठी चांगला, मुक्ता शीर्षकांसाठी. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, मजकूर 12 पॉइंट आणि ओळींतलं अंतर 17 ते 18 पॉइंट ठेवलं की एका पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांचं पुस्तक 160 पानांचं होतं ते असं. आतला समास 18 ते 20 मिमी ठेवायला सांगा, नाहीतर गोंदाच्या बांधणीत ओळीचा शेवट कण्यात बुडतो.

मुखपृष्ठासाठी पैसे द्यावेत, पण हक्काचा प्रश्न आधी सोडवून. चित्र विकत घेतलेलं की इंटरनेटवरून उचललेलं, छायाचित्रकाराची परवानगी आहे का, आणि मूळ फाइल लेखकाला मिळणार का, हे तीन प्रश्न. नारळाची झाडं आणि सूर्यास्त शक्यतो टाळा, त्या मुखपृष्ठांची पुस्तकं कपाटात एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत.

कागद, छपाई आणि आपली हवा

इथे कोटेशनची खरी परीक्षा करता येते, आणि ती करायला छापखान्यात नोकरी केलेली असावी लागत नाही. डेमी पुस्तक 18 × 23 इंची कागदावर सोळा पानांच्या फर्म्यांत (एकाच कागदावर छापून दुमडलेल्या पानांचा संच) छापतात. 160 पानं म्हणजे दहा फर्मे. 300 प्रतींना 3000 अर्धे ताव, म्हणजे 23 × 36 चे 1500 पूर्ण ताव, म्हणजे तीन रीम (एक रीम म्हणजे 500 ताव). यंत्र लावताना वाया जाणारा कागद धरून साडेतीन. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदाची अशी एक रीम सुमारे 18.7 किलो भरते, म्हणजे एकूण सुमारे 65 किलो कागद. कागदाचा किलोचा दर विचारला की आतल्या कागदाची किंमत तुम्हाला स्वतःच काढता येते. पानसंख्या सोळाच्या पटीत ठेवा. 164 पानं झाली तर त्या चार पानांसाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो. दोन कविता गाळा किंवा मनोगत आटोपशीर करा.

ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईला, प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजूंना दोन प्लेट, म्हणजे मजकुराच्या वीस आणि मुखपृष्ठाच्या चार. हा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच, हजारांनाही तेवढाच. म्हणून शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते आणि तीनशेच्या आसपास दोन्ही दर मागवून बघावे लागतात. पाचशेच्या पुढे ऑफसेट. ‘अजून दोनशे प्रती घेतल्या तर प्रत स्वस्त पडेल’ हे खरं असतं, पण न खपलेली प्रत कधीच स्वस्त नसते, आणि इथल्या पावसात तर ती टिकतही नाही.

कोकणातल्या दमट हवेसाठी पॅकेजांत काहीच तजवीज नसते, आणि ही आमची मोठी तक्रार आहे. मुखपृष्ठाला बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं, आतली बाजू उघडी. पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिऊन फुगते, प्लास्टिकची बाजू फुगत नाही, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळून उघडंच राहतं. कार्ड 300 जीएसएमचं घ्या आणि कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर ठेवायला सांगा. तंतू आडवे असतील तर आतली पानंही लाटांसारखी होतात आणि पुस्तक नीट उघडत नाही. बांधणी स्वस्त गोंदाची असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत पानं सुटू लागतात; फर्मे शिवून मग गोंद लावलेली बांधणी थोडी महाग पडते, पण ग्रंथालयाच्या हाताळणीत तीच टिकते. एक डमी मागा: त्याच कागदाची, त्याच पानांची कोरी प्रत. तिच्यावरून कणा मोजा. 160 पानं म्हणजे 80 पत्रं, 70 जीएसएममध्ये सुमारे आठ मिमी. मुखपृष्ठाची फाइल या मापावर होते. कणा अंदाजाने धरला की पुस्तकाचं नाव कण्यावरून घसरून पुढच्या बाजूला येतं.

कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूणच्या प्रेसमध्ये मांडणी आणि डिजिटल छपाई करून घेता येते, समोर बसून दुरुस्त्या करता येतात हा त्यांचा मोठा गुण. शिवलेली बांधणी आणि मोठी ऑफसेट छपाई यासाठी कोल्हापूर किंवा पुणं गाठावं लागतं. माल घाटातून येतो, म्हणून प्रती दिवाळी ते होळीच्या दरम्यान छापून घ्या. जुलैत घाटातून आलेले गठ्ठे ओल घेऊनच उतरतात. घरी आल्यावर गठ्ठे जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका; फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर, प्लास्टिकमध्ये वीस-वीसच्या गठ्ठ्यांत ठेवा. वाळवी भिंतीतून येते आणि कसर उघड्या गठ्ठ्यात शिरते. चिपळूण, खेड, महाड, बांदा अशा ठिकाणी तळमजला नकोच. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं, हे तिथल्या वाचकांना सांगावं लागत नाही.

‘शंभर टक्के रॉयल्टी’

ही जाहिरात खोटी नसते, पण कशाचे शंभर टक्के ते बारीक अक्षरात असतं. समजा छापील किंमत 250 रुपये. पॅकेजातल्या प्रती संपल्यावर मागणीनुसार छापलेल्या प्रतीचा खर्च 75, विक्रेत्याचं कमिशन 40 टक्के म्हणजे 100. उरले 75, त्याचे शंभर टक्के लेखकाला. पॅकेजला 40,000 रुपये गेले असतील तर ते वसूल व्हायला 534 प्रती विकाव्या लागतात. तीच प्रत लेखकाने शाळेत, ग्रंथोत्सवात, गावच्या वाचनालयात वीस टक्के सवलतीने थेट विकली तर 200 मधून छपाई वजा जाऊन 125 हाती राहतात. पारंपरिक प्रकाशक साधारण छापील किमतीच्या दहा टक्के देतो, म्हणजे 25, पण तिथे लेखकाचा खिसा आधी रिकामा झालेला नसतो. तिन्ही आकडे शेजारी मांडून मगच ठरवा.

‘सर्वत्र उपलब्ध’ याचा अर्थ बहुधा संकेतस्थळावर एक पान असणं एवढाच. दुकानदाराच्या फळीवर पुस्तक ठेवायला कोणीतरी प्रत घेऊन जावं लागतं, आणि ते या सेवेत कोणी करत नाही. ई-पुस्तकासाठी कंपनीची गरज फार कमी: ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर मराठी ई-पुस्तक लेखक स्वतः चढवू शकतो. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या नव्वद दिवसांच्या योजनेत नाव घालावं लागतं, आणि त्या नव्वद दिवसांत ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही.

करार मात्र ओळ न ओळ वाचा. हक्क कोणाकडे, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या स्वरूपांसाठी, हे लिहिलेलं हवं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर सही करू नका. अनुवाद, चित्रपट आणि श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळे काढून स्वतःकडे ठेवा. हिशोब वर्षातून किती वेळा मिळणार, मांडणीची उघडी (दुरुस्त करता येणारी) फाइल मिळणार की नुसती पीडीएफ, करार मोडल्यास शिल्लक प्रतींचं काय, आणि दिलेला दर जीएसटी धरून की वेगळा, हेही लिहून घ्या. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण कंपनीच्या सेवेच्या बिलावर तो लागतो, आणि तिथे शेवटचा आकडा एकदम वर जातो.

समारंभाचं कलम काढून टाका. गावच्या वाचनालयाचं सभागृह आणि बोलवायचा पाहुणा, दोन्ही तुम्हालाच जास्त चांगले ठाऊक आहेत.

पुस्तक हाती आल्यावर

पॅकेज इथे संपतं आणि नेमकं इथेच लेखकाला काही सांगितलं जात नाही. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. आयएसबीएन स्वतःच्या नावावर असेल तर प्रकाशक तुम्ही, तेव्हा हे काम तुमचं. कंपनीच्या नावावर असेल तर त्यांनी प्रती पाठवल्याची पोच मागा. राज्याचं ग्रंथालय संचालनालय दरवर्षी ग्रंथांची निवड यादी करतं, तिच्यासाठीही मुदतीत प्रत द्यावी लागते. यादीत नाव असलं की सार्वजनिक ग्रंथालयांना खरेदीचा निर्णय सोपा जातो. ग्रंथालयाला प्रत देताना बिलावर शीर्षक, लेखक, आयएसबीएन, छापील किंमत, सवलत आणि निव्वळ रक्कम हे सगळं असावं. 1828 पासून चालत आलेलं रत्नागिरीचं नगर वाचनालय असो की वाडीवरचं ‘ड’ वर्गातलं वाचनालय, कच्च्या चिठ्ठीवर खरेदी कोणालाच दाखवता येत नाही.

लांबच्या वाचकाला प्रत पाठवायला कुरिअरपेक्षा डाक खात्याची ज्ञान पोस्ट स्वस्त. मे 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये असा दर होता, कर वेगळा. 160 पानांचं डेमी पुस्तक सुमारे 190 ग्रॅम भरतं, म्हणजे पुठ्ठा आणि प्लास्टिक धरूनही पहिल्याच टप्प्यात बसतं. डाक जमिनीमार्गे जाते, तेव्हा आठवडाभर धरून चला. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशक यांचं नाव छापलेलं असणं ही या सेवेची अट आहे. प्रथमावृत्तीचं पान घाईत कोरं सोडलेल्या पुस्तकांची इथे अडचण होते. पाकिटात आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा, असा क्रम ठेवा. प्लास्टिक वगळलं तर पावसात पुठ्ठा भिजतो आणि त्याची ओल पुस्तकाच्या कोपऱ्यांत उतरते.